अणुऊर्जेची सरकारी घोषणा कशी वाचायची (पेट्रोल स्वस्त होणार म्हणून नाचायच्या आधी)

आमच्या भावकीच्या ग्रुपवर वर्षातनं दोन-तीनदा तरी तो मेसेज फिरतोच. कधी वर मंत्र्यांचा फोटो, कधी अणुभट्टीचा घुमट, मजकूर मात्र तोच, की देशात १०० गिगावॉट अणुऊर्जा येतेय, अरबांचं तेल बंद, पेट्रोल मातीमोल. यावेळी तो राजापूरच्या काकांनी टाकला. खाली सतरा अंगठे पडले, दोघांनी झेंडे टाकले, मग कुणीतरी लिहिलं "आणि आपल्या जैतापूरचं काय झालं" आणि रात्री साडेबारापर्यंत जे व्हायचं ते झालं.

मी शास्त्रज्ञ नाही, हिशेब लिहून पोट भरणारा माणूस आहे, पण आकडा दिसला की बेरीज करून बघायची खोड आहे. त्या खोडीपायी अशा घोषणा वाचायची एक पद्धत मला सापडलीय, ती इथे लिहितोय. कागद, पेन आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर एवढंच लागतं. बाजूचे असा किंवा विरोधातले, पद्धत दोघांनाही चालते, फक्त उत्तर आवडेलच याची हमी नाही.

आधी विचारा, कशाच्या जागी?

हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका, कारण निम्मी गफलत इथेच होते.

अणुभट्टीतनं काय निघतं? वीज. पेट्रोल निघत नाही, सिलिंडर निघत नाही, युरियाची गोणी निघत नाही. आत युरेनियमचे अणू फुटतात, त्याने पाणी तापतं, वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, पुढचं सगळं कोळशाच्या वीजकेंद्रासारखंच. म्हणजे अणुऊर्जा थेट कुणाची जागा घेऊ शकते? आज जे जळून वीज बनतेय त्याची.

आता आपल्याकडे काय जळून वीज बनते ते बघा. देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज कोळशावर आहे. अणुऊर्जा ३ टक्क्यांच्या आसपास, गॅसही साधारण तेवढाच किंवा कमी, आणि तेलावरची वीज जवळजवळ नाहीच, सोसायटीचा जनरेटर सोडला तर. मग ते बाहेरून येणारं तेल जातं कुठे? आपण जे कच्चं तेल वापरतो त्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त आयात होतं आणि ते जातं ट्रकात, बाइकमध्ये, विमानात, ट्रॅक्टरात, डांबरात, प्लास्टिकात. गॅसचा मोठा वाटा खत कारखान्यांना, मग सीएनजी, पाइप गॅस, रिफायनऱ्या. सिलिंडरचा एलपीजी वेगळा, त्यातलाही निम्म्याहून जास्त आयातच.

म्हणजे उद्या सकाळी उठलो आणि देशात दहा नवीन अणुभट्ट्या सुरू झालेल्या दिसल्या तरी पेट्रोल पंपावरची रांग एका स्कूटरनेही कमी होणार नाही. कमी होईल कोळसा. तोही कमी व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही, पण काकांच्या मेसेजमध्ये कोळशाचं नाव कुठेच नव्हतं.

याचा अर्थ मेसेज निव्वळ खोटा का? तसंही नाही, मधला एक दुवा गायब आहे. जी वस्तू आज तेलावर किंवा गॅसवर चालते ती आधी तारेवर यायला हवी, म्हणजे विजेवर चालायला हवी, मग त्या तारेत अणुभट्टीची वीज आली तर तेल वाचलं म्हणायचं. म्हणून घोषणा वाचताना एक ओळ शोधा, वस्तू तारेवर आणायचं काही लिहिलंय का.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आमच्याच रुळावर आहे. कोकण रेल्वे पूर्ण विजेवर आली २०२२ मध्ये, रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४० किलोमीटर. त्याआधी गणपतीला गावी जाताना करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात गाडी शिरली की आई ओरडायची "खिडकी लावा रे", आणि तरी डिझेलचा वास डब्यात यायचाच, पांढरा शर्ट राजापूर रोडला उतरेपर्यंत राखाडी. आता तो वास नाही. ते डिझेल खरंच वाचलं, कारण इंजिन तारेवर आलं. आज त्या तारेत बहुतेक कोळशाची वीज आहे, उद्या अणूची असेल, इंजिनाला त्याचं काही देणंघेणं नाही. एसटीची शिवाई बस २०२२ च्या जूनमध्ये पुणे-नगर मार्गावर आली, तिचाही हिशेब हाच.

दुसरं उदाहरण आमच्या स्वयंपाकघरातलं, उलट्या बाजूचं. आईला हौसेने इंडक्शन आणून दिलं, २००० वॉटचं, त्यासाठी किचनमध्ये जाड वायर ओढून १६ अँपिअरचा सॉकेट बसवला. चहा, भात, डाळ झकास. पण भाकरी? तव्यावर भाजून शेवटी विस्तवावर टाकल्याशिवाय ती फुगत नाही आणि इंडक्शनला विस्तवच नाही. आईने तिसऱ्या दिवशी सिलिंडर परत जोडला आणि म्हणाली "तुझ्या त्या काचेवर पापड तरी भाजून दाखव". एका भाकरीपायी आमचा एलपीजी बंद होत नाही, अर्धा झाला हे मात्र खरं. धोरणवाले याला विद्युतीकरण म्हणतात, त्यांच्या कागदात भाकरीचा उल्लेख मला अजून सापडलेला नाही.

गॅसचं आमच्याच जिल्ह्यातलं भूत

"गॅसकडून अणुऊर्जेकडे" असं कुणी म्हणालं की मला अंजनवेल आठवतं. गुहागर तालुक्यातलं गॅसवरचं वीजकेंद्र, जुनं एन्रॉनचं दाभोळ, नंतरचं रत्नागिरी गॅस अँड पॉवर, क्षमता १९६७ मेगावॉट. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू, २००१ मध्ये बंद, मग सरकारी कंपन्यांनी हातात घेतलं, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटला तसं २०१३ मध्ये परत बंद पडलं, पुढे रेल्वेला वीज देण्यासाठी काही भाग चालवला. देशात गॅसवरची क्षमता २० हजार मेगावॉटच्या वर आहे आणि तिचा मोठा भाग असाच बसून असतो, कारण बाहेरून आणलेल्या एलएनजीची (थंड करून द्रव केलेल्या, जहाजाने येणाऱ्या गॅसची) वीज परवडत नाही. म्हणजे वीजनिर्मितीतला गॅस आपल्याकडे बाजारभावानेच अर्धा हद्दपार केलेला आहे, त्याला हटवायला अणुभट्टी लागलीच नाही.

आणि त्याच जिल्ह्यात खाली राजापूर तालुक्यात दोन प्रकल्पांचं भांडण. माडबनला जैतापूर अणुप्रकल्प, आणि आधी नाणार मग बारसू असं करत फिरलेली तेल रिफायनरी, वर्षाला ६ कोटी टन क्षमतेची म्हणून जाहीर झालेली. एकाच तालुक्यात सरकारने तेलही आणायचं ठरवलं आणि तेल सोडायचा उपायही. हे ढोंग आहे असं मी म्हणत नाही, दोन्ही खाती वेगळी, दोन्हींचे अंदाज वेगळे, पण घोषणा वाचताना शेजारच्या पानावरची घोषणाही वाचायची असते ती यासाठी.

मग फ्रान्सला कसं जमलं?

ग्रुपवर कुणीतरी फ्रान्स काढणारच, तेव्हा तयारी असू द्या. १९७३ चं तेलसंकट आलं, भाव चौपट झाले, आणि मार्च १९७४ मध्ये पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी धडाक्यात अणुभट्ट्या बांधायचा कार्यक्रम जाहीर केला. पुढच्या दीड दशकात त्यांनी पन्नासच्या आसपास बांधल्या, आज ५७ आहेत, देशाची दोन तृतीयांशाहून जास्त वीज त्यातनं येते. पण त्यांच्याकडे तेव्हा विजेचा मोठा हिस्सा तेल जाळून बनायचा. म्हणून तिथे अणूने थेट तेलाला ढकललं. आपल्याकडे ती परिस्थितीच नाही. आणि गाड्यांचं पेट्रोल-डिझेल फ्रान्स अजूनही बाहेरूनच आणतो बरं का.

जपानचा धडा उलटा. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा झालं, एकेक करत सगळ्या भट्ट्या थांबल्या, सप्टेंबर २०१३ ते ऑगस्ट २०१५ एकही चालू नव्हती, आणि ती तूट भरायला एलएनजीची आयात भडकली. तिथे अणू आणि गॅस एकाच तराजूच्या दोन पारड्यांत आहेत, म्हणून जपानच्या बातमीत "अणू वाढला की गॅस कमी" हे वाक्य बरोबर असतं. तेच वाक्य मराठीत उतरवून भारताला चिकटवलं की चुकतं.

मला सगळ्यात मजेशीर वाटतं ते अबुधाबी. आमच्या वाडीतले दोघं तिथे नोकरीला आहेत, त्यांनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा विश्वासच बसला नाही, तेलाच्या विहिरीवर बसलेल्या देशाला अणुभट्टी कशाला? तर यूएईची वीज जवळपास सगळी गॅसवर होती, एसीला आणि समुद्राचं पाणी गोडं करायला एवढी वीज लागते की पाइपने कतारचा गॅस आणावा लागायचा. म्हणून २००९ मध्ये कोरियाच्या कंपनीला कंत्राट दिलं, बराकाह इथे १४०० मेगावॉटच्या चार भट्ट्या, पहिली २०२० मध्ये ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, लागली, चौथी २०२४ मध्ये, आणि आता देशाची साधारण पाव वीज तिथनं येते. घरातला गॅस वाचवून त्याचं दुसरं काही करायचं, हा शुद्ध व्यापारी हिशेब. म्हणजे तेलवाले देशसुद्धा आधी "कशाच्या जागी" हेच विचारतात.

मेगावॉटचे युनिट करा

घोषणेत नेहमी मेगावॉट किंवा गिगावॉट असतात, ते मोठे दिसतात म्हणून. बिल युनिटमध्ये येतं, म्हणून आपण युनिट करायचे. एक मेगावॉटची मशीन एक तास पूर्ण चालली की १००० युनिट. वर्षात तास ८७६०.

एक ७०० मेगावॉटची भट्टी घ्या, आपल्याकडे आता ह्याच साइजच्या देशी भट्ट्या बांधतायत. ७०० गुणिले ८७६० गुणिले १०००, म्हणजे साधारण ६१३ कोटी युनिट. भट्टी बारा महिने चालत नाही, दुरुस्ती असते, म्हणून ८५ टक्के धरा, ५२१ कोटी युनिट झाले. महिन्याला १५० युनिट वापरणारं घर वर्षाला १८०० युनिट घेतं, तर एका भट्टीत साधारण २९ लाख घरं बसली. हे वाईट नाही हो, अजिबात वाईट नाही, आणि रात्री साडेआठला सोलर झोपलेलं असताना हे चालू असतं ही मोठी गोष्ट. म्हणूनच अणूचे मेगावॉट आणि सोलरचे मेगावॉट नुसते शेजारी ठेवून तुलना करू नका, सोलर वर्षभराच्या सरासरीला पाचवा हिस्सा चालतं, त्यामुळे तेवढ्याच मेगावॉटमधनं अणुभट्टी चौपट युनिट देते. सोलरवाले हे सांगत नाहीत आणि अणूवाले बांधायला किती वर्षं लागतात ते सांगत नाहीत.

आता तोच हिशेब मेसेजमधल्या १०० गिगावॉटला लावा, लक्ष्य २०४७ चं आहे आणि एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट. ८५ टक्क्याने साधारण ७४,००० कोटी युनिट. आज देशात वर्षाला १,८०,००० कोटी युनिटच्या आसपास वीज बनते. म्हणजे आजच्या विजेच्या ४० टक्के. ऐकायला भारी, पण २०४७ ला वीज आजच्याएवढीच लागणार नाही, कितीतरी पट लागेल, विशेषतः गाड्या, चुली आणि कारखाने तारेवर आले तर. तेव्हा टक्का बराच खाली येणार.

आणि पेट्रोलशी सांधा जोडायचा असेल तर हे एक समीकरण लक्षात ठेवा, इलेक्ट्रिक स्कूटर १०० किलोमीटरला तीन-चार युनिट खाते, पेट्रोलची स्कूटर दोन-सव्वादोन लिटर. तीन-चार युनिटला दोन लिटर. हा दुवा जोडला तर काकांचा मेसेज थोडा खरा होतो.

तारीख बघा आणि मागच्या तारखा काढा

१ फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये अणुऊर्जा मिशन जाहीर झालं. २०४७ पर्यंत किमान १०० गिगावॉट, छोट्या मॉड्युलर भट्ट्यांच्या (एसएमआर) संशोधनाला २०,००० कोटी, आणि २०३३ पर्यंत किमान पाच देशी एसएमआर चालू. आत्ता आपल्याकडे आहे किती? पावणेनऊ हजार मेगावॉटच्या जवळपास, म्हणजे ९ गिगावॉटसुद्धा पूर्ण नाही. ९१ गिगावॉट बावीस वर्षांत, दरवर्षी ४ गिगावॉटच्या वर, म्हणजे ७०० मेगावॉटच्या सहा भट्ट्या दरवर्षी. दरवर्षी. आणि ते पाच एसएमआर? भाभा अणुसंशोधन केंद्राचा जो मोठा एसएमआर आहे तो २०० मेगावॉटचा, पाचही तेवढे धरले तरी १००० मेगावॉट, १०० गिगावॉटचा शंभरावा हिस्सा. म्हणजे एसएमआरचे फोटो जास्त आणि वीज कमी, निदान पहिली दहा वर्षं.

मागची वही उघडली तर गोष्ट अजून गमतीची आहे. १९८४ मध्ये अणुऊर्जा खात्याने ठरवलं होतं २००० सालापर्यंत १०,००० मेगावॉट, २००० उजाडलं तेव्हा प्रत्यक्षात ३,००० सुद्धा नव्हते. मग २०२० पर्यंत २०,०००, झाले ६,७८०. आता २०३१-३२ चं लक्ष्य २२,४८० आहे. याला कारणंही होती, १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर जगाने तंत्रज्ञान आणि इंधन बंद केलं, ते २००८ मध्ये अणुपुरवठादार गटाने सूट दिल्यावर सुटलं, एवढी वर्षं आपल्या लोकांनी सगळं स्वतः शिकून बांधलं याला सलाम. पण वेळापत्रकाचा विषय निघाला की सलाम बाजूला ठेवून कॅलेंडर बघावं लागतं.

घोषणेतलं क्रियापद पकडा

ही माझी आवडती पायरी. अणुप्रकल्पाची बातमी दर दोन वर्षांनी "झाला" असं म्हणते, आणि दरवेळी वेगळंच काहीतरी झालेलं असतं. क्रम साधारण असा. आधी जागेला तत्त्वतः मंजुरी. मग जमीन, पर्यावरण मंजुरी. मग सरकारची प्रशासकीय आणि आर्थिक मंजुरी, म्हणजे खरे पैसे. मग भूमिपूजन, नारळ, फोटो. मग अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी घेऊन पहिलं काँक्रीट, आणि माझ्या मते खरी सुरुवात ही, याच्या आधीचं सगळं साखरपुडा. मग कित्येक वर्षांनी क्रिटिकॅलिटी, म्हणजे भट्टीत साखळी प्रक्रिया स्वतःहून चालू राहायला लागते, पण वीज अजून नाही. मग ग्रिडला जोडणी. आणि शेवटी व्यावसायिक उत्पादन, तिथनं बिलं फाटायला लागतात.

काक्रापारचं तिसरं युनिट (इथे युनिट म्हणजे भट्टी, बिलातलं नव्हे) बघा, गुजरातेत, आपल्या शेजारी. ७०० मेगावॉटचं पहिलं देशी. पहिलं काँक्रीट नोव्हेंबर २०१०, क्रिटिकॅलिटी जुलै २०२०, ग्रिड जानेवारी २०२१, व्यावसायिक उत्पादन जून २०२३. क्रिटिकॅलिटीच्या दिवशी आमच्या ग्रुपवर पेढे वाटले गेले होते, वीज नियमित व्हायला पुढची तीन वर्षं गेली, तेव्हा कुणी पेढा वाटला नाही.

तामिळनाडूतल्या कलपक्कमच्या ५०० मेगावॉटच्या फास्ट ब्रीडरचं (जळतं त्याहून जास्त इंधन बनवणाऱ्या भट्टीचं) काम २००४ मध्ये सुरू झालं, भट्टीचा गाभा भरायला सुरुवात मार्च २०२४ मध्ये. कुडनकुलमचा रशियाशी करार १९८८ चा, पहिलं युनिट ग्रिडला लागलं २०१३ मध्ये. राजस्थानात माही बांसवाड्याचा पाया सप्टेंबर २०२५ मध्ये घातला, ७०० च्या चार, एनटीपीसी आणि एनपीसीआयएल (सरकारी अणुवीज कंपनी) मिळून, तो साखरपुड्याच्या शेवटच्या टप्प्यात आहे असं धरा.

आणि जैतापूर? माडबन-मिठगवाणे परिसरात १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९००, जगातलं सगळ्यात मोठं अणुवीज केंद्र होणार असं मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर २०१० मध्ये ३५ अटींसह, त्याच डिसेंबरात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी येऊन करार, एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्याला आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार आणि एक माणूस गेला, मग फ्रेंच कंपनी अरेवाच डबघाईला आली, तिचं काम ईडीएफ या फ्रेंच वीज कंपनीकडे गेलं, त्यांनी एप्रिल २०२१ मध्ये तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला. पहिलं काँक्रीट अजून नाही. जी भट्टी इथे यायची ती ईपीआर जातीची, तिच्या माहेरी, फ्रान्समधल्या फ्लॅमनविलला, काम डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालं, पाच वर्षांत संपायचं होतं, ग्रिडला लागली डिसेंबर २०२४ मध्ये, खर्च ३.३ अब्ज युरोवरून १३ अब्जांच्या पुढे. फिनलंडातली त्याच जातीची २००५ ते २०२३. चीनमध्ये मात्र ताइशानला दोन्ही २०१८-१९ पर्यंत चालू झाल्या, म्हणजे भट्टीच वाईट आहे असंही नाही, कोण बांधतंय आणि लागोपाठ किती बांधतंय यावर बरंच आहे. काका जमीन दिलेल्यांपैकी, ते या भागावर गप्प बसतात.

याच्या उलट तारापूर. ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू, देशातलं पहिलं, अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकने बांधलेलं, करार १९६३ चा. सहा वर्षांत करार ते वीज! त्या दोन जुन्या युनिटांनी पन्नास वर्षं स्वस्त वीज दिली, २०२० मध्ये नूतनीकरणासाठी थांबवली, बाजूला ५४० मेगावॉटची दोन २००५-०६ पासून आहेत. त्या दोन नव्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी गावं उठली, त्या लोकांची कहाणी वेगळीच लिहावी लागेल.

अपघात झाला तर पैसे कोण देणार

२०१० च्या नागरी दायित्व कायद्यात चालवणाऱ्या कंपनीवर १५०० कोटींची मर्यादा होती, आणि भट्टी पुरवणाऱ्याचा माल सदोष निघाला तर चालवणारा त्याच्याकडून वसुली करू शकेल अशी तरतूद होती, भोपाळची आठवण ठेवून घातलेली. त्या एका कलमापायी परदेशी पुरवठादार पंधरा वर्षं बिचकले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने शांती नावाचा नवीन कायदा केला, १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि हा २०१० चा दोन्ही रद्द, खासगी कंपन्यांना परवाना घेऊन भट्टी बांधायची आणि चालवायची मुभा, दायित्वाची मर्यादा भट्टीच्या साइजप्रमाणे, मोठ्यांना ३००० कोटींपर्यंत, पुरवठादाराची ती तरतूद काढली, आणि नियामक मंडळाला कायद्याचा दर्जा दिला. शेवटची गोष्ट चांगली, ती तीस-चाळीस वर्षं आधी व्हायला हवी होती. पुरवठादाराचं कलम काढलं त्यावर माझं मन खट्टू आहे, आमच्या घरी मिक्सर जळला तर दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी बदलून देते, इथे ते बोट दाखवायची सोयच पातळ केली. तुमचं मत वेगळं असू शकतं. पण पुढची घोषणा वाचताना "भागीदारी" हा शब्द आला की हे कलम आठवा.

युरेनियम कुठलं

तेलाची गुलामी सोडायची म्हणून अणूकडे जायचं, तर युरेनियम घरचं आहे का हेही विचारा. थोडं आहे, झारखंडात जादुगुडा, आंध्रात तुम्मलपल्ले. बरंचसं येतं कझाकस्तान, रशिया वगैरेंकडून. फरक एवढाच आणि तो मोठा आहे, की युरेनियम साठवता येतं. काही वर्षांचं इंधन गोदामात मावतं, तेलाचं तसं करायला डोंगर पोखरावे लागतात. आखाती तेलाची जहाजं जिथनं येतात त्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत काही झालं की आठवड्यात पंपावर कळतं, युरेनियमचं जहाज महिनाभर लेट झालं तर कुणाला पत्ताही लागत नाही. युरेनियमच्या जागी घरचं थोरियम वापरायचं स्वप्न होमी भाभांच्या तीन टप्प्यांच्या योजनेपासून आहे, केरळच्या वाळूत ते आहेही, पण त्यातला दुसरा टप्पा म्हणजेच तो कलपक्कमचा फास्ट ब्रीडर, त्याच्या तारखा वर दिल्यात.

खरं-खोटं बघायचं कुठे

फॉरवर्डच्या खाली "सोर्स?" असं लिहून काही होत नाही, स्वतःच बघायचं. केंद्रीय वीज प्राधिकरण दर महिन्याला कुठल्या इंधनातनं किती युनिट बनले ते टाकतं. ग्रिड इंडियाचा रोजचा अहवाल असतो, त्यात काल अणूची किती, कोळशाची किती, सोलरची किती सगळं एका तक्त्यात, मला तो सकाळच्या चहाबरोबर बघायची सवय लागलीय, बायको म्हणते भविष्य वाच त्यापेक्षा. तेल आणि गॅसची आयात पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन आणि विश्लेषण कक्षाच्या मासिक अहवालात मिळते. एनपीसीआयएलच्या साइटवर प्रत्येक युनिट चालू आहे की बंद ते कळतं. आणि सगळ्यात कामाची जागा म्हणजे लोकसभेतले प्रश्नोत्तर, तिथे भाषण करता येत नाही, प्रकल्पाची स्थिती एका ओळीत लिहून द्यावी लागते. बातमीत "काम वेगात" असेल आणि उत्तरात "तत्त्वतः मंजुरी" असेल तर कुठलं धरायचं ते कळलंच.

गावाजवळ प्रकल्प येत असेल तर अजून एक काम, आणि ते घोषणा झाल्यावर लगेच करायचं. जनसुनावणीची नोटीस किमान तीस दिवस आधी निघायला हवी, पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळायला हवा, हा नियम आहे. मे २०१० मध्ये माडबनला सुनावणी झाली तेव्हा लोकांची मोठी तक्रार हीच होती की मराठीतला अहवाल वेळेवर हातात आलाच नाही. म्हणून प्रत मागायचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळात दोन्हीकडे द्या, पोच घ्या, पोचेवर तारखेचा शिक्का आहे का बघा. सुनावणीत बोललात तर ते इतिवृत्तात आलंय का तेही वाचून घ्या, आणि प्रश्न लेखी द्या: गरम पाणी समुद्रात किती अंशांनी जास्त सोडणार, मासेमारीला कुठवर बंदी, आपत्तीत गाव रिकामं करायचा रस्ता कुठला आणि त्यावरचा पूल पावसाळ्यात टिकतो का.

काकांना हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही, फोन केला. अर्धा तास ऐकून घेतलं, मग म्हणाले "म्हणजे पेट्रोल स्वस्त होणार नाय". म्हटलं, काका, तुमची स्प्लेंडर विकून इलेक्ट्रिक घेतलीत तर तुमच्यापुरतं फुकट होईल. ते म्हणाले, आधी वाडीतली लाइट पावसात जायची थांबव मग बघू.